काय दिसतं ते सांग

बोईसरच्या ज्या कंपनीच्या प्रयोगशाळेत मी नोकरी करते, तिथे माझ्या हाताखाली काही तरुण मुली आहेत. जेवणाच्या सुट्टीत एका हातात पोळीचा घास आणि दुसऱ्या हातात मोबाइल. त्यांतली एक बिहारकडची. तिला कुणीतरी सांगून ठेवलंय की या बाईंना पोलिसांच्या जुन्या मालिका तोंडपाठ आहेत. ती मला हटकून विचारते, "दीदी, पुराना कोई पुलिसवाला सीरियल बताओ ना, अच्छावाला."

मी सांगते. पण सांगताना माझा आवाज चढतो आणि मुली एकमेकींकडे बघतात. आजकालच्या मालिकांत प्रेत सापडलं की कॅमेरा तीनदा त्याच तोंडावर आपटतो, ढगांचा गडगडाट होतो आणि मोठा साहेब दरवाजा लाथेने उघडतो. दरवाजा उघडाच असतो बहुतेक. हे बघण्यापेक्षा कंपनीच्या नाल्याकडे बघत बसावं, तिथे निदान रंग तरी बदलतात. बघण्यासारख्या मालिका निराळ्या होत्या. एकीत एक ढेरपोट्या फौजदार होता, तो खून झालेल्या घरात गेला की आधी स्वयंपाकघरात डोकावायचा आणि काल काय शिजवलं होतं ते विचारायचा. दुसरी अख्खी एका पोलीस ठाण्यात घडायची. तिच्यात अर्धा वेळ हवालदाराच्या रजेची रड चालायची आणि त्या रडीतूनच चोर सापडायचा. तिसरीतला गुप्तहेर तर जवळजवळ काही करायचाच नाही. तो लोकांना बोलू द्यायचा. गुन्हेगाराला बोलायची फार हौस असते, हे मी त्याच्याकडून शिकले आणि पुढे वापरलं.

या मालिका मी एकटीने बघितल्या, बाबांनी फक्त ऐकल्या. आमचं घर चिंचणीचं, आणि बाबा डाय कोरायचे. दागिन्याचा ठसा म्हणजे डाय. पोलादाच्या ठोकळ्यात नक्षी उलटी आणि खोल कोरायची, मग त्यावर सोन्याचा पत्रा ठेवून दाबला की नक्षी सुलटी उठून येते. या कामात डोळा भिंगातून हलवता येत नाही. त्यामुळे टीव्ही बाबांच्या पाठीमागे आणि मी त्यांच्या बाजूला पाटावर. संवाद त्यांना ऐकू यायचे. संवाद थांबले की ते विचारायचे, "आता काय चाललंय?"

मी म्हणायचे, "तो घाबरलाय."

"घाबरलाय हे तुला वाटतंय. काय दिसतं ते सांग."

"त्याने किल्ली उचलली आणि परत ठेवली."

"हां. असं सांग." आणि छिन्नीवर हातोडीचे बारीक ठोके परत सुरू व्हायचे.

शेजारच्या गावात वीज तयार होते, पण ऐन गुन्हेगाराचं नाव निघायच्या वेळी आमच्याकडचीच जायची. तेव्हा आम्ही अंधारात बसून स्वतःच निकाल लावायचो. बाबा पुरावा मागायचे. माझ्याकडे नुसता संशय असला तर मला गप्प करायचे. मालिकेतल्या कुठल्याही साहेबापेक्षा ते कडक होते आणि मला त्याचा अभिमान वाटायचा.

दर आठवड्याला गुप्तहेराच्या मालिकेच्या दिवशी आमच्याकडे आणखी एक प्रेक्षक यायचा. तोही डाय कोरणारा, दोन आळ्या पलीकडचा. बाबांपेक्षा वयाने लहान, बाबांना दादा म्हणायचा आणि मी त्याला काका म्हणायचे. मवाळ बोलणं, खाली मान. गोगलगाय आणि पोटात पाय, ही म्हण शाळेत शिकवली तेव्हा मला तिचा अर्थ कळला नव्हता. काकाची जागा खिडकीपाशी. त्या खिडकीच्या कट्ट्यावर बाबा मेणाचे गोळे ठेवायचे. काम कुठवर आलं ते बघायला डायवर मेण दाबून नक्षी तपासायची पद्धत असते. तपासून झालं की तो गोळा कट्ट्यावर पडून राहायचा. कारागिराच्या घरात कारागीर येतो तेव्हा मेण झाकून ठेवावं, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. पण रोजच्या माणसासमोर झाकणं म्हणजे त्याला चोर म्हणणं. बाबांनी कधीच झाकलं नाही.

मी कॉलेजात असताना एका हिवाळ्यात बाबांनी पाटलीसाठी पानवेल कोरायला घेतली. आमच्या बाजूला वाड्यांमधून विड्याच्या पानांचे वेल चढवलेले असतात, ते त्यांनी उभं आयुष्य बघितलेले. देठाचा बाक, पानावरच्या शिरा, सगळं त्या बोटभर पोलादात येत होतं. काम मात्र फार हळू चाललं होतं; वेलीची रेघ शेवटच्या पानापर्यंत पोचली तरी बारकावे भरण्यात महिने गेले. मला वाटलं, नाजूक आहे म्हणून.

ते पुरं करून बाबा मुंबईच्या व्यापाऱ्याकडे गेले. मी सोबत होते. व्यापाऱ्याने डाय हातात घेतली, बघितली आणि कपाटातून एक पाटली काढून समोर ठेवली. तीच वेल, तीच पानं, तेच देठ. काकाने तशी डाय आधीच्याच महिन्यात देऊन टाकली होती आणि माल बाजारात गेला होता.

"तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती," व्यापारी बाबांना म्हणाला. "दुसऱ्याची नक्कल आणलीत."

मी पाटली उचलली. मला बघायची सवय होती. वेलीच्या शेवटच्या पानाचं टोक वाकडं होतं. वर चढणारी रेघ डावीकडे जरा घसरली होती, मग सावरली होती. बाबांच्या डायमध्येही ती तशीच होती. पोलादात एकदा छिन्नी घसरली की ती खूण भरून काढता येत नाही, तिच्यासकट जगावं लागतं. ती घसरलेली रेघ मी त्या हिवाळ्यात बाबांच्या दुसऱ्या कामांतही बघितली होती. कर्णफुलाच्या डायमध्ये होती, मोराच्या डायमध्ये होती, नेहमी डावीकडे, नेहमी वर जाणाऱ्या शेवटच्या रेघेला. काकाचा हात दगडासारखा स्थिर होता. त्याच्या कुठल्याही कामात अशी घसर नव्हती. त्याने आमच्या कट्ट्यावरचं मेण उचललं, घरी नेलं आणि त्यात दिसलं ते सगळं इमानदारीत कोरलं. वाकडं पानही त्याला नक्षीचाच भाग वाटलं.

घरी येताच मी बाबांना हे सांगितलं. म्हटलं, पुरावा आहे, त्या हिवाळ्याच्या सगळ्या डाय घेऊन उद्याच जाऊ. बाबांनी उठून दार लावून घेतलं.

"काय सांगशील तिथे?" ते म्हणाले. "ती घसर माझ्या हाताची आहे, असंच ना?"

"हो."

"मग ते विचारतील, हात का घसरतो."

तेव्हा मला कळलं. बाबांचा हात कापायला लागला होता. ते काम हळू करत होते ते नाजूक होतं म्हणून नाही.

"नकल्या म्हणाले तर कमी मजुरीचं, ढोबळ काम तरी देतील," बाबा म्हणाले. "हात गेला म्हणाले तर उद्यापासून मी पडवीत बसून माश्या मारीन. हे कुणापाशी बोलायचं नाही. आईपाशीसुद्धा नाही."

मी बोलले नाही. बाबा हयात होते तोवर बोलले नाही. आमच्या धंद्यात नकल्या हा शिक्का वाईट. तरुण कारागीर बाबा आले की आपलं मेण झाकायला लागले, आणि तेही त्यांच्या डोळ्यांदेखत. एवढ्या मोठ्या माणसाच्या समोर कालची पोरं फडकं ओढायची आणि बाबा नजर दुसरीकडे वळवायचे. त्यांना बटणांच्या आणि देवाच्या टाकांच्या डाय मिळायला लागल्या. जो हात पानाची शीर कोरायचा, तो गोल बटणं पाडत बसला.

आणि काका येतच राहिला. हे मी कधी विसरणार नाही. दर आठवड्याला मालिकेच्या वेळेला तो त्याच खिडकीपाशी येऊन बसायचा. त्याला येऊ नको म्हटलं असतं तर गावाने कारण विचारलं असतं, म्हणून बाबांनी येऊ दिलं. तो आमच्याकडे चहा घेत चोर पकडले जाताना बघायचा. चोर सापडला की "बरा सापडला" म्हणायचा. मी पाटावर बसून पडद्यावर काय दिसतंय ते बाबांना सांगायचे आणि मनात त्या माणसाचे तुकडे करायचे. मला त्याला मारायचं होतं, अगदी खरंच. पुढेपुढे माझं माझ्याच लक्षात आलं की मी मालिका बघतच नाही, मी त्याला बघते. एकदा पडद्यावरच्या गुप्तहेराने कोणालातरी विचारलं, तुला कसं माहीत की तो तक्रार करणार नाही? तेव्हा काका बसल्या जागी जरा सरकला. मी ते बाबांना सांगितलं नाही. काय दिसलं ते न सांगण्याची ती पहिलीच वेळ.

बाबा गेल्या वर्षी गेले. दिवसकार्य झाल्यावर मी त्या हिवाळ्याच्या डाय ट्रंकेतून काढून गोडं तेल लावून ठेवल्या. पोलाद गंजू नये म्हणून लावतात. माझ्या डोक्यात काय शिजतंय ते मला पक्कं माहीत होतं. फक्त बोलावणं यायला हवं होतं.

ते आलं. गावातल्या जुन्या कारागिरांचा सत्कार ठरला होता, पहिला मान काकाला. पानवेलीवर त्याचं नाव झालं होतं. बाजारात ती पाटली 'वाऱ्याचं पान' म्हणून ओळखली जायची. आयोजकांनी मला फोन करून सांगितलं, "ताई, तुमच्या बाबांचे आणि त्यांचे घरचे संबंध. तुम्ही दोन शब्द बोला." मी म्हटलं, बोलेन की.

सभागृहात खुर्च्या भरल्या होत्या. निम्मे लोक कारागीर, कुंभवलीकडे कंपन्यांत गेलेली त्यांची मुलं, दोन-तीन व्यापारी. काकाला आधी बोलायला उभं केलं. मी त्याला बोलू दिलं. तो छान बोलला. म्हणाला, एकदा शिरगावच्या किनाऱ्याकडच्या वाडीत उभा होतो, समुद्रावरून वारा आला, वेलीचं शेवटचं पान हललं. ते हललेलं पान पोलादात धरावं असं मनात आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या बापाच्या आजाराला तो माणूस वारा म्हणत होता आणि लोक टाळ्या वाजवत होते.

मग मी उठले. पिशवीतून डाय काढल्या, टेबलावर ओळीने ठेवल्या आणि सोबत आणलेलं मेण काढलं. भाषण केलंच नाही. पहिली डाय मेणावर दाबली आणि तो ठसा पहिल्या रांगेतल्या कारागिरांकडे दिला. कर्णफूल. मग दुसरा. मोर. मग तिसरा, चौथा. "हे सगळं माझ्या बाबांचं, पानवेलीच्या आधीचं," एवढंच म्हटलं. शेवटी व्यापाऱ्यांनी सत्कारासाठी आणून मांडलेली काकाची पानवेलीची डाय उचलली आणि तिचाही ठसा घेऊन पुढे दिला. "काका, मोराच्या पिसालापण वाराच लागला होता का?"

कारागिरांना जास्त सांगावं लागत नाही. मेणाचे तुकडे हातोहात फिरले. कुणी चष्मा वर केला, कुणी खिडकीकडे तोंड करून उजेडात धरला. मी काकाकडे बघत होते. तो टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होता, पुढे आणि मागे. त्या क्षणाची मी अर्धं आयुष्य वाट बघितली होती. खोटं कशाला बोलू, मला फार गोड वाटलं.

शेवटी गावातला सगळ्यांत म्हातारा कारागीर, ज्याला आता नीट दिसतही नाही, त्याने मेणावरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा.

"त्याचा हात कापत व्हता," तो म्हणाला. "पन नकल त्याची नाय. नकल याची हाय."

बाबांवरचा शिक्का पुसला गेला आणि बाबांचं गुपितही गेलं, दोन्ही एकाच दमात. मागच्या रांगांतून कुजबुज सुरू झाली. मला वाटलं होतं लोक चोरीबद्दल बोलतील. तेही बोलले, पण जास्त बोलले ते हाताबद्दल. कधीपासून कापायचा, कुणाला माहीत होतं, शेवटी शेवटी काम कसं करायचा. जे झाकण्यासाठी बाबांनी आपलं नाव घालवलं होतं ते मी गावासमोर मेणावर उमटवून वाटलं होतं.

काका माझ्याजवळ आला. त्याच्या अंगावर शाल नव्हती, आयोजकांनी ती घडी करून परत पिशवीत घातली होती. तो हळू आवाजात म्हणाला, "दादा बोलनार नाय, मला ठाव व्हतं."

म्हणजे त्याने नुसती नक्षी चोरली नव्हती. बाबांचा हात कापतो हे त्याने आधी बघितलं आणि त्या कापऱ्या हाताच्या भरवशावर चोरी केली. दुसऱ्या कुणाचं मेण त्याने उचललं नसतं. मालिकेत इथे साहेबाचा हात गुन्हेगाराच्या खांद्यावर पडतो आणि पडद्यावर नावं वर सरकायला लागतात. सभागृहात बटाटेवडे आले. लोक बशा घ्यायला उठले.

घरी जाऊन आईला हे सांगायचं माझं धाडस झालं नाही. बाबांनी माझ्याकडून घेतलेला शब्द मी मोडला होता. आईला त्या हाताबद्दल काहीच माहीत नाही अशी माझी समजूत होती. संध्याकाळपर्यंत शेजारच्या बायकांनी तिला सगळं सांगितलं असणार, कारण गावात बातमी माझ्या आधी घरी पोचते. आई मला काहीच म्हणाली नाही. वाल सोलत बसली. त्या गप्प राहण्याची मला काकापेक्षा जास्त भीती वाटली. मी बोईसरला परत आले, कामावर गेले, आणि रोज वाटायचं की आता आईचा फोन येईल आणि ती विचारेल, कुणाला विचारून बोललीस?

पुढच्या सुट्टीला मी चिंचणीला गेले होते, तेव्हा काका घरी आला. सकाळची वेळ, आई पडवीत. तो नेहमीसारखा आत येऊन खिडकीपाशी बसेल असं क्षणभर वाटलं, पण तो पायरीवर थांबला. थकलेला दिसत होता. मला दया आली नाही.

"लोकं माझ्या घरी यायची बंद झाली," तो मला म्हणाला. "पोरं माझ्यासमोर मेन झाकतात. तू एक शबुद बोल. झालं गेलं म्हन. तुझं ऐकतील."

"माफी मागायला आलात की शब्द मागायला?"

"दोनी."

"बाबांकडे मागायची होती. ते इथेच बसलेले असायचे, तुम्ही दर आठवड्याला त्यांच्या समोर असायचात. टीव्ही चालू असताना मागितली असती तरी चाललं असतं."

मी आणखी बोलणार होते, माझ्याकडे पुष्कळ साठा होता. पण आई म्हणाली, "भावजींना चा ठेवते," आणि उठून आत गेली. म्हणजे आई त्याला घरात घेणार. म्हणजे तिच्या लेखी चुकले ती मीच. त्याच्या चेहऱ्यावर जरा उजेड आला, तो पायरीवरून वर आला आणि पडवीतल्या बाकावर टेकला. आत स्टोव्ह फरफरत होता.

आई कप घेऊन आली. कप अर्धाच भरलेला होता. आमच्याकडे पाहुण्याला असा चहा कुणी देत नाही, बशीत सांडेपर्यंत भरतात. काकाने कपाकडे बघितलं, मग आईकडे.

"ह्यांना असाच देत व्हते," आई म्हणाली. तिचा आवाज अगदी घरगुती होता. "भरून दिला तर सांडायचा. तुमच्यासमोर सांडू नये म्हनून मी अर्दा द्यायची. तरी हात कापायचा, आणि तुमी टीवी सोडून तेच बगत बसायचे. मी दारातून तुमाला बगायची."

काका उठायला लागला. आईने कप त्याच्या हातात दिला आणि समोर पाट ओढून त्यावर बसली.

"बसा, भावजी," ती म्हणाली. "आता तुमी प्या. मी बगते."